लंडी कोतलचा फोन

भिलाईत एक वृद्ध गृहस्थ राहत होते. गोंदियाकडचं आपलं खेडं सोडून ते ऐन विशीत इथे आले, तेव्हा रशियाच्या मदतीने पोलाद कारखाना उभा राहत होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू केली, त्या दिवशी ते मागे गर्दीत टाचा उंचावून उभे होते. पुढे जन्मभर त्यांनी रेल मिलमध्ये नोकरी केली. तापलेला लाल ठोकळा रोलमधून पुढे मागे होत होत रूळ होऊन बाहेर पडायचा. हे त्यांनी इतकी वर्षं पाहिलं, तरी त्याचा कंटाळा त्यांना कधी आला नाही. निवृत्त झाल्यावर सेक्टरमधलं क्वार्टर सुटलं. ते मुलाकडे राहू लागले.

मुलाचा मुलगा चौदा वर्षांचा होता. त्याला विमानांचं वेड होतं. लढाऊ विमानांचं जास्त. खोलीच्या भिंतीवर त्याने चित्रं लावली होती आणि जगातल्या नामांकित वैमानिकांची नावं त्याला पाठ होती. नावापुढे प्रत्येकाचा आकडाही पाठ होता. कुणी किती विमानं पाडली, तो आकडा.

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. संध्याकाळी पाऊस लागला होता, म्हणून मुलगा खेळायला गेला नव्हता. तो आजोबांजवळ येऊन बसला.

“आबा, जर्मनीच्या हार्टमानने ३५२ विमानं पाडली. दुसऱ्या महायुद्धात. त्याच्यापुढे जगात कुणीच नाही. पहिल्या महायुद्धात रिश्टोफेनने ८० पाडली. पाच पाडली की माणसाला एस म्हणतात. आपल्याकडे एस कोण?”

आजोबा म्हणाले, “एक होता. इंद्रलाल रॉय. कलकत्त्याचा मुलगा, विलायतेत शिकत होता. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा त्याला विमानदलात जायचं होतं. डोळे कमजोर म्हणून त्याला परत पाठवलं. त्याने आपली मोटारसायकल विकली, त्या पैशांत मोठ्या डॉक्टरकडून डोळे पुन्हा तपासून घेतले आणि भरती झाला. १९१८ च्या जुलै महिन्यात, ९ तारखेपासून १९ तारखेपर्यंत, त्याने दहा विमानं पाडली.”

“मग?”

“मग २२ जुलैला फ्रान्सच्या आकाशात तो पडला. एकोणीस वर्षांचा होता.”

मुलगा थोडा वेळ गप्प झाला. दहा हा आकडा त्याने मनात लिहून घेतला असावा. मग म्हणाला, “आणि मराठी कुणी?”

आजोबांनी शेजारच्या टीपॉयवरून वर्तमानपत्र उचललं. १० ऑगस्टला पुण्यात ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर वारले होते. ती बातमी त्यांनी घडी घालून ठेवली होती.

“यांनी किती पाडली?” मुलाने विचारलं.

“यांची गोष्ट त्या आकड्याची नाही,” आजोबा म्हणाले. “पण ऐक.”

दिलीप पारुळकर १९६३ च्या मार्चमध्ये हवाई दलात दाखल झाले. दोनच वर्षांत पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं. एका हल्ल्यात त्यांच्या विमानावर खालून गोळीबार झाला. उजव्या खांद्याला दुखापत झाली आणि विमानाचीही मोडतोड झाली. त्यांच्या लीडरने रेडिओवरून सांगितलं की विमान सोड आणि उडी घे. पारुळकरांनी उडी घेतली नाही. दुखऱ्या हाताने, लुळं पडलेलं विमान सांभाळत ते तळावर परतले आणि धावपट्टीवर उतरले. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळालं.

असा हा माणूस होता. हातातली वस्तू सहजी टाकून द्यायची नाही, हा त्यांचा स्वभाव होता.

सहा वर्षांनी पुन्हा युद्धाचे ढग जमले. पारुळकर तेव्हा पंजाबात आदमपूरच्या तळावर, २६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होते. सुखोई-७ हे विमान ते चालवत. एका इंजिनाचं, एकाच माणसाचं, जमिनीवरच्या लक्ष्यावर झेप घेणारं दणकट रशियन विमान.

“रशियन?” मुलगा म्हणाला.

“रशियन. त्याच वर्षांत इथे भट्टीजवळ रशियन इंजिनिअर आमच्या शेजारी उभं राहून काम शिकवत होते,” आजोबा म्हणाले. ते क्षणभर त्या दिवसांत रमले आणि परत गोष्टीवर आले.

युद्ध सुरू होण्याआधीच पारुळकरांनी आपल्या कमांडिंग ऑफिसरला सांगून ठेवलं होतं की मी कैद झालो, तर पळून येईन. तरुण वयात माणसं असं काहीबाही बोलतात आणि विसरून जातात. पारुळकर विसरले नाहीत.

१० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचं विमान सीमेपलीकडे पाडलं गेलं. ते हवाई छत्रीने खाली उतरले. खाली शेतांतून लोक धावत आले, त्यांनी मारहाण केली. मग सैनिक आले आणि त्यांना घेऊन गेले. शेवटी रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीत, एका अंधाऱ्या कोठडीत त्यांची रवानगी झाली.

तिथे भारतीय हवाई दलाचे आणखीही वैमानिक होते. पण प्रत्येकाला वेगळ्या कोठडीत ठेवलं होतं. पलीकडच्या भिंतीआड कोण आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दिवसामागून दिवस चौकशा होत. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली, युद्ध थांबलं, तरी कैदी कैदीच राहिले.

छावणीचा प्रमुख होता स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद. तोही तरुणच होता. त्याच्या देशाचे तेव्हा दोन तुकडे झाले होते. नव्वद हजारांवर पाकिस्तानी माणसं भारताच्या ताब्यात होती. आपल्या तावडीत सापडलेल्या भारतीयांवर राग काढायला त्याला कुणी अडवलं नसतं.

२५ डिसेंबरचा दिवस आला. त्या दिवशी कोठड्यांची दारं एकामागून एक उघडली. वैमानिकांना एका खोलीत आणलं. तिथे चहा होता आणि नाताळचा केक होता. उस्मानने तो मागवला होता. पडल्यापासून पहिल्यांदाच ते एकमेकांसमोर आले. तू पण इथे? तू जिवंत आहेस? एकमेकांना त्यांनी मिठ्या मारल्या. छावणीत एकूण बारा जण होते. सगळ्यांत ज्येष्ठ विंग कमांडर कोएल्हो. कामत होते, चाटी होते, भार्गव, तेजवंत सिंग, जाफा, कुरुविल्ला असे सगळे होते. कुणी ख्रिस्ती, कुणी शीख, कुणी पारशी, कुणी हिंदू. आणि केक कापायला लावणारा उस्मान मुसलमान.

या केकला गोष्टीत फार थोडी जागा मिळते. सुटकेच्या धाडसाची हकिगत सांगणारे तो पटकन मागे टाकतात. म्हाताऱ्या आजोबांनी मात्र इथे बराच वेळ काढला. केक कोणता असेल, चहा कसल्या कपांतून दिला असेल, कुणी काय बोललं असेल, याविषयी ते बोलत राहिले. मुलाला घाई होती. “पळाले कसे ते सांगा ना,” तो म्हणाला.

“तेच सांगतोय,” आजोबा म्हणाले.

त्यानंतर दिवसांना थोडं बरं वळण लागलं. वैमानिक दिवसा एकत्र बसू लागले, पुस्तकं वाचू लागले, पत्ते खेळू लागले. उस्मानशी त्यांचं बोलणं होई. तो त्यांचा मित्र नव्हता. कुलपाची किल्ली त्याच्या हातात होती आणि ती त्याने कधी सैल सोडली नाही. पण तो त्यांना माणसासारखं वागवत होता आणि तेही त्याच्याशी माणसासारखे वागत होते. पुढे त्याची बदली झाली. पाकिस्तानी हवाई दलाच्या प्रमुखांचा एडीसी, म्हणजे खास सहायक, म्हणून तो गेला. छावणीत नवा अधिकारी आला.

पारुळकरांच्या मनात इकडे दुसरंच चाललं होतं. आपण जाणार, हे त्यांनी सोबत्यांना सांगितलं. काहींना ते पटलं नाही. युद्ध संपलंय, आज ना उद्या सोडतीलच, मग जिवावर का उदार व्हायचं? हे म्हणणारेही शूरच होते, त्यांचंही चुकलेलं नव्हतं. पण पारुळकरांचं म्हणणं असं की युद्धकैद्याने निसटायचा प्रयत्न करायचा असतो, ते त्याचं कामच आहे. पकडलं गेल्यास शिक्षा होईल. जिनिव्हाच्या कराराप्रमाणे ती तीस दिवसांच्या आतली असायला हवी. ती भोगू.

हळूहळू दोघे तयार झाले. फ्लाइट लेफ्टनंट मालविंदर सिंग ग्रेवाल आणि फ्लाइट लेफ्टनंट हरीश सिंहजी. बाकीचे जाणार नव्हते, पण मदत सगळ्यांनी केली.

तयारीला महिने लागले. छावणीची एक कोठडी अशी होती की तिच्या मागच्या भिंतीपलीकडे हवाई दलाच्या भरती कार्यालयाचं आवार होतं. त्या भिंतीला खाटेखाली भोक पाडायचं ठरलं. हत्यारं म्हणजे जेवणाचा काटा, सुरी, कात्री, असलंच काहीतरी. विटांच्या सांध्यातला चुना रात्री खरवडायचा. एक जण भिंतीशी, एक जण दाराशी कान लावून. पहारेकरी आला की खूण. निघालेला चुरा रेड क्रॉसच्या पार्सलांच्या खोक्यांत भरून ठेवायचा. सकाळी खाट जागेवर आणि चेहरे नेहमीसारखे.

कैदेतल्या अधिकाऱ्याला करारानुसार दरमहा ५० स्विस फ्रँकच्या हिशेबाने थोडे रुपये मिळत. ते त्यांनी साठवले. पठाणी कपडे जमवले. वैमानिकाच्या अंगातल्या जी-सूटमध्ये हवेच्या पिशव्या असतात, त्यांतून पाणी न्यायच्या पिशव्या केल्या. सुईला चुंबक करून होकायंत्र बनवलं. शाळकरी मुलं वापरतात तसला एक ॲटलास हाताशी होता. त्यातल्या नकाशावरून वाट आखली. भारताच्या सीमेवर दोन्ही बाजूंना फौजा होत्या, सुरुंग होते. म्हणून त्यांनी उलट दिशा धरली. रावळपिंडीहून पेशावर, पेशावरहून खैबर खिंड, खिंडीपलीकडे अफगाणिस्तान. नकाशावर खिंडीच्या टोकाला, सीमेच्या अगदी लगत, एक रेल्वे स्टेशन दाखवलं होतं. लंडी खाना. त्या नावाची त्यांनी मनात गाठ मारून ठेवली.

१९७२ च्या ऑगस्टमधली ती रात्र आली. पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन, सुटीचा दिवस, तोंडावर आला होता. मध्यरात्रीच्या सुमाराला जोराचं वादळ उठलं. धूळ उडाली, वीज कडाडली. पलीकडच्या आवारातल्या चौकीदाराने डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं. शेवटचा गिलावा फुटला. एक, दोन, तीन, असे तिघे त्या भोकातून बाहेर सरपटले, भिंत ओलांडून रस्त्यावर आले आणि माणसांत मिसळून गेले.

बस मिळाली. पहाटे ते पेशावरला पोहोचले. तिथून टांगा, मग थोडं पायी, मग पुन्हा बस. आत जागा नव्हती, तेव्हा बसच्या टपावर बसून तिघेही खैबर खिंडीतून निघाले. सकाळी साडेनऊच्या सुमाराला लंडी कोतल हे गाव आलं. तिथून अफगाण सीमा सहासात किलोमीटरवर होती. चालत गेलं तरी दीड-दोन तासांचं काम.

मुलगा आता पुढे सरकून बसला होता.

तिघे चहाच्या दुकानात शिरले. चहा प्यायले. आजूबाजूला प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी दिसत होती, म्हणून त्यांनीही टोप्या घेतल्या. मग सहज विचारावं तसं विचारलं, इथून लंडी खाना किती लांब?

चहावाल्याला ते कळेना. जवळच तहसील कचेरीतला एक कारकून होता. त्याने मात्र मान वर करून पाहिलं.

“का? स्टेशन सांगायला नको होतं?” मुलाने विचारलं.

आजोबा म्हणाले, “स्टेशन होतं कुठे? इंग्रजांनी खैबरची रेल्वे १९२५ मध्ये लंडी कोतलपर्यंत नेली. मोठं कठीण काम. बोगदेच चौतीस. पुढच्या वर्षी ती लंडी खान्यापर्यंत वाढवली. पण १९३२ च्या डिसेंबरात तो पुढचा तुकडा बंद करून टाकला. गाडी बंद झाली, नकाशावरचं नाव कुणी पुसलं नाही. मी जन्मभर रूळ बनवले, मला विचार. रूळ टाकायला हजार माणसं येतात. बंद झाल्याची खबर द्यायला एकही येत नाही. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनचा पत्ता विचारणारा माणूस इथला नाही, हे त्या कारकुनाने तेव्हाच ओळखलं.”

कारकुनाला वाटलं, हे बंगाली असावेत. बांगलादेश झाल्यावर पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत होते. त्याने तिघांना अडवलं. आम्ही हवाई दलातले, लाहोरहून सुटीवर फिरायला आलोय, असं त्यांनी सांगितलं. ते कुणाला पटलं नाही. लोक जमले. तिघांना तहसीलदारापुढे नेलं. झडती झाली. पैसे निघाले, नकाशाचे कागद निघाले, पाण्याच्या त्या चमत्कारिक पिशव्या निघाल्या. आता हेर म्हणून गोळी घालायला एवढा पुरावा पुरे होता. तो कबायली मुलूख होता. तिथे कायदा बंदुकीच्या टोकावर चाले आणि मुडद्याबद्दल फारसं कुणी विचारत नसे.

सीमा समोरच्या डोंगरापलीकडे होती. आठ महिन्यांची सगळी अक्कल, सगळी मेहनत, सगळं धाडस त्या खोलीत येऊन संपलं. पैसा, होकायंत्र, नकाशा, कपडे, सगळं टेबलावर मांडलेलं होतं आणि त्यातलं काहीच आता उपयोगाचं नव्हतं.

तेव्हा पारुळकरांना एक नाव आठवलं. ते म्हणाले, मला एक फोन करू द्या. हवाई दलप्रमुखांच्या एडीसींना. स्क्वाड्रन लीडर उस्मान यांना.

एवढ्या मोठ्या माणसाचं नाव घेतल्यावर तहसीलदार थबकला. फोन लावला गेला. पारुळकरांनी थोडक्यात सांगितलं, आम्ही तिघे इथे पकडले गेलोय.

पलीकडून उस्मानने ऐकलं. कोण बोलतंय, कुठून बोलतंय, हे त्याला लगेच समजलं. कैदी पळाले होते. तो एका वाक्यात त्यांना त्यांच्या नशिबावर सोडू शकला असता. फोन खाली ठेवला असता तरी पुरे होतं. पण त्याने तहसीलदाराला सांगितलं की ही माणसं आमची आहेत. त्यांना ताब्यात ठेवा, पण त्यांच्या अंगाला हात लावू नका.

त्या एका वाक्यामुळे तिघे जगले.

“म्हणजे त्याने आपल्या देशाशी गद्दारी केली?” मुलाने विचारलं.

आजोबांनी मान हलवली. “कुठे केली? त्याने त्यांना सोडलं नाही. तिघे परत तुरुंगातच गेले. कैद्याने पळायचं असतं, पारुळकर पळाले. पहारेकऱ्याने धरायचं असतं, त्यांनी धरलं. कुणी आपलं काम चुकवलं नाही. उस्मानने एवढंच केलं की त्यांना मरू दिलं नाही.”

थोडा वेळ ते पावसाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तू मघाशी घाई करत होतास ना, तो केक. तो नसता तर हा फोनही नव्हता. त्या दिवशी केक देताना उस्मानला माहीत नव्हतं की पुढे असं होणार आहे. पारुळकरांनाही नव्हतं. कुणी हिशेब करून काही केलं नव्हतं. पण दोन्हीकडून एकेकाने समोरच्याला माणूस मानलं, आणि ते जमा होत राहिलं. पारुळकरांनी सगळी तयारी केली होती, ती कमी पडली. ही तयारी मात्र त्यांनी केलीच नव्हती, आणि तिनेच त्यांना वाचवलं. मोठ्या लढाईत असं बरंच होतं, बाळा. आकडे लिहिणाऱ्याला ते दिसत नाही.”

मुलगा काही बोलला नाही. पुढे काय झालं, ते त्याला हवं होतं. आजोबांनी पुढचं सांगितलं.

खिंडीचा राजकीय अधिकारी मेजर बुर्की होता. त्याच्यापुढे तिघांनी आपली खरी नावं सांगितली. त्यांना कुणी मारलं नाही, परत पेशावरला आणि तिथून रावळपिंडीला नेलं. एकांतकोठडीची शिक्षा झाली. मग सगळ्या वैमानिकांना लायलपूरच्या तुरुंगात हलवलं. तिथे भूदलाचे शेकडो भारतीय कैदी होते. वर्ष संपत आलं, तेव्हा पाकिस्तानचे अध्यक्ष भुट्टो तिथे आले आणि कैद्यांना सोडण्याचं त्यांनी जाहीर केलं. १ डिसेंबर १९७२ रोजी सगळे वाघा सीमेवरून पायी भारतात आले. साडेतीन महिने आधी ज्या सीमेकडे पारुळकर पाठ फिरवून निघाले होते, तिच्यातूनच त्यांना फाटक उघडून आत घेतलं.

त्या सुटकेच्या प्रयत्नाबद्दल पारुळकरांना विशिष्ट सेवा पदक मिळालं. पुढे त्यांनी हवाई दलाच्या अकादमीत शिकवलं, खडकवासल्याच्या एनडीएत बटालियन कमांडर झाले. तुझ्याहून तीनचार वर्षांनी मोठी असलेली पोरं त्यांच्या हाताखालून गेली, असं आजोबा म्हणाले.

मुलाला वाटलं, गोष्ट झाली. तो उठायला लागला. पण आजोबांनी त्याला हाताने बसवलं, कारण एक माणूस राहिला होता.

“वाघ्याच्या फाटकातून आलेल्यांत विजय तांबे नव्हते,” ते म्हणाले.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. तेही मराठी, तेही सुखोई-७ चालवणारे. ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानात शोरकोटच्या बाजूला त्यांचं विमान पडलं. पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या यादीत त्यांचं नाव पाकिस्तानातल्या वर्तमानपत्रात छापून आलं, म्हणून घरच्यांना धीर वाटला. पत्नी दमयंती बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. कैदी परतले, तांबे परतले नाहीत. त्या युद्धातून न परतलेल्या चोपन्न भारतीयांच्या सरकारी यादीत त्यांचं नाव राहिलं. दमयंतीबाईंनी दुसरं लग्न केलं नाही. त्या शोधत राहिल्या. २००७ मध्ये अशा बेपत्ता सैनिकांच्या चौदा नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग पाहू दिले गेले, तेव्हा त्याही गेल्या. एकेका तुरुंगात जाऊन सगळ्यांनी जुनी रजिस्टरं पाहिली, कैद्यांची तोंडं पाहिली. कुणीही सापडलं नाही.

मुलाने बऱ्याच वेळाने विचारलं, “आबा, त्यांना कुणी उस्मान भेटला नसेल का?”

“ते कुणालाच कळलं नाही रे,” आजोबा म्हणाले. “भेटला असेल, त्याचं कुणी ऐकलं नसेल. नसेलही भेटला.”

“असे किती असतात?”

“थोडे असतात. पण प्रत्येक छावणीत एक तरी हवा.”

आतून सुनेने जेवायला हाक मारली. आजोबा काठी घेऊन उठले. मुलाने वर्तमानपत्राची ती घडी उलगडली आणि स्वयंपाकघरात जाता जाता पारुळकरांची बातमी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.